गळ्यापासून कवटीच्या तळापर्यंत: मल्टिडिटेक्टर सीटीच्या अभ्यासाची प्रस्तावना

रेडिऑलॉजी विभागात नव्याने आलेल्या निवासी डॉक्टरांपुढे दिवसभरातल्या स्कॅनची यादी ठेवली, की मेंदूचे आणि पोटाचे स्कॅन भराभर उचलले जातात. मानेचे मात्र संध्याकाळपर्यंत यादीत रेंगाळतात. यामागे आळस नसतो, धास्ती असते. मेंदूला कवटीची चौकट असते, पोटात यकृत, मूत्रपिंड असे ठसठशीत अवयव नजरेला धरायला मिळतात. मानेत असे काही चटकन हाती लागत नाही. वीतभर उंचीच्या या भागातून श्वासाची वाट जाते, अन्नाची वाट जाते, मेंदूकडे रक्त नेणाऱ्या धमन्या वर चढतात, तिथूनच निघालेले मज्जातंतू खाली उतरतात आणि उरलेल्या जागेत स्नायू, लाळग्रंथी, थायरॉइड, लसीकाग्रंथी यांची दाटी असते. त्यात गिळताना, बोलताना हा सगळा भाग हलत राहतो. नवख्याने बिचकावे यात नवल नाही.

या भागाच्या माथ्यावर कवटीचा तळ आहे. त्याच्या वरच्या अंगाला मेंदू टेकलेला, खालच्या अंगाला नाक, घसा आणि जबड्याचे स्नायू, दोन्ही बाजूंना कान. वैद्यकशास्त्रात या हाडाची वाटणी झाली आहे. खालची बाजू कान-नाक-घसा तज्ज्ञांची, वरची न्यूरोसर्जनची, पुढची नेत्रतज्ज्ञ आणि दंत-शल्यविशारद यांच्यात विभागलेली, आणि कर्करोग असेल तर रेडिओथेरपीचे डॉक्टरही त्यात आलेच. आजाराला ही वाटणी ठाऊक नसते. गालात सुरू झालेली गाठ मज्जातंतू धरून मेंदूच्या उंबरठ्यावर पोचते, दाढेतला पू छातीत उतरतो, नाकातली बुरशी डोळ्याच्या खोबणीत शिरते. हा सगळा प्रवास एका नजरेत पाहण्याची संधी ज्यांना मिळते, त्यांत रेडिऑलॉजिस्ट पहिला आहे. आमच्या शाखेला कशाचा अभिमान वाटायचा असेलच, तर याचा वाटावा.

पुढची पाने मुख्यतः रेडिऑलॉजी, कान-नाक-घसा आणि दंत-शल्यशास्त्र शिकणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी आणि सीटीच्या कन्सोलवर बसणाऱ्या तंत्रज्ञांसाठी आहेत. तरी ज्यांच्या घरात कुणाचा असा स्कॅन झाला आहे आणि रिपोर्टातली भाषा ज्यांना कोड्यासारखी वाटली, अशा जिज्ञासू वाचकांनीही बिचकू नये. शरीररचनेची नावे लॅटिन असली, तरी ज्या वाटांची ती नावे आहेत त्या समजायला अवघड नाहीत. मान आणि कवटीचा तळ हे दोन वेगळे विषय न मानता एकच सलग प्रदेश म्हणून वाचावेत, एवढा एक आग्रह या लेखनामागे आहे. असे वाचणे गेल्या पंचवीस-तीस वर्षांतच शक्य झाले. ते कसे, हे आधी पाहू.

क्ष-किरणांच्या साध्या फिल्मवर कवटीचा तळ म्हणजे सावल्यांचा गुंता. एका हाडावर दुसरे, त्यावर तिसरे. तो सोडवण्यासाठी आधीच्या पिढ्यांनी कमालीची हुशारी लढवली. हनुवटीखालून किरण सोडून तळाची छिद्रे पाहायची, डोके ठरावीक अंशांत वळवून कानाचे हाड मोकळे करायचे; टाउन, श्युलर, स्टेनव्हर्स ही त्या कोनांची नावे जुन्या विभागांच्या भिंतींवरच्या तक्त्यांत असत. पुढे पॉलिटोमोग्राफी आली. त्यात नळी आणि फिल्म दोन्ही फिरवून एकच पातळी स्पष्ट ठेवायची आणि बाकीच्या पुसट करायच्या. त्या धूसर चित्रांवरून अंतर्कर्णाच्या आजारांचे निदान करणाऱ्यांच्या नजरेला आजही मनोमन नमस्कार करावासा वाटतो. मऊ ऊती मात्र या कोणत्याच पद्धतीत दिसत नव्हत्या.

१ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या विम्बल्डन भागातल्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा छेद टिपला गेला. चित्र ८० बाय ८० चौकोनांचे होते आणि एकेका फेरीला काही मिनिटे लागत. १९७९ मध्ये हाउन्सफील्ड आणि अ‍ॅलन कॉर्मॅक यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पाणी शून्य, हवा उणे १०००, चरबी साधारण उणे १००, स्नायू ४० ते ६०, घट्ट हाड १०००च्या घरात: हाउन्सफील्ड यांच्या नावाचे हे एकक आजही रोज आमच्या तोंडी असते. त्या पहिल्या यंत्रात फक्त डोके बसत असे. मानेसाठी पुढच्या पिढीची यंत्रे यावी लागली, आणि त्यांतही रुग्णाने एक छेद होईपर्यंत श्वास धरायचा, टेबल थोडे सरकायचे, पुन्हा श्वास धरायचा, असा क्रम होता. दोन छेदांच्या मध्ये रुग्णाने आवंढा गिळला, की स्वरयंत्र जागचे हललेच.

१९८९च्या सुमारास स्पायरल सीटी आले. नळी अखंड फिरत राहते आणि टेबल न थांबता पुढे सरकते. मोसंबीची साल न तुटता एका वेटोळ्यात सोलावी, तशी शरीराची माहिती सलग गोळा होते. १९९८मध्ये एका फेरीत चार छेद घेणारी यंत्रे बाजारात आली, काही वर्षांत सोळा आणि २००४च्या सुमारास चौसष्ट. मल्टिडिटेक्टर म्हणतात ते हेच: किरण झेलणाऱ्या डिटेक्टरची एकच ओळ असायची, तिथे अनेक ओळी शेजारी शेजारी. कवटीच्या तळापासून छातीच्या तोंडापर्यंतचे अंतर काही सेकंदांत पार होते. एवढा वेळ बहुतेक रुग्ण न गिळता, शांत श्वास घेत राहू शकतात.

वेग हा या बदलाचा दिसणारा भाग झाला. माझ्या मते खरी क्रांती छेदाच्या जाडीत झाली. डिटेक्टरची एकेक ओळ ०.५ ते ०.६२५ मि.मी. इतकी बारीक झाली, तेव्हा चित्राचा सर्वांत लहान घटक लांबी, रुंदी आणि उंची अशा तिन्ही दिशांना जवळजवळ सारख्या मापाचा झाला. मग तोच साठा आडवा कापा, समोरून कापा, बाजूने कापा किंवा एखाद्या तिरप्या नळीच्या रेषेत कापा. तपशील तितकाच राहतो. पूर्वी सायनसचा समोरून छेद हवा असेल तर रुग्णाला पालथे झोपवून, हनुवटी पुढे काढून, मान मागे ताणून गॅन्ट्री तिरकी करावी लागे. मानेच्या मणक्यांची झीज झालेल्या साठीतल्या माणसाला ती पाच मिनिटे भयंकर जड जात. अपघातात मानेला मार बसलेल्या रुग्णाला तर तसे ठेवताच येत नसे. आता रुग्ण उताणा झोपतो, एकदा आत जातो आणि बाहेर येतो. कोणत्या दिशेने कापायचे हे तो घरी गेल्यावरही ठरवता येते.

इथे एक सावधानता सांगून ठेवतो. स्लाइसच्या आकड्यांनी हुरळून जाऊ नये. हृदयाच्या धमन्या पाहायच्या असतील तर चौसष्ट आणि त्याहून मोठ्या यंत्रांना खरा अर्थ आहे. मानेला आणि कवटीच्या तळाला नीट आखलेला सोळा स्लाइसचा स्कॅन बहुतेक वेळा पुरेसा असतो. जिल्ह्याच्या ठिकाणी असे यंत्र असलेल्या सहकाऱ्यांनी आपल्याकडे जुने यंत्र आहे म्हणून संकोच करू नये. चुकीच्या वेळी, चुकीच्या व्याप्तीने घेतलेला १२८ स्लाइसचा स्कॅन त्यापुढे फिका पडतो.

व्याप्तीचे महत्त्व एका नेहमीच्या तक्रारीवरून पटेल. पन्नाशीतला माणूस येतो. दोन महिने आवाज बसला आहे. कान-नाक-घसा तज्ज्ञ दुर्बिणीने पाहतात, डावा स्वरतंतू हलत नाही. फॉर्मवर लिहिले जाते, ‘सीटी नेक’. बस्स, इतकेच. पण डाव्या स्वरतंतूची नस कुठून येते ते पाहा. ती व्हेगस या दहाव्या मज्जातंतूची फांदी आहे. व्हेगस कवटीच्या तळातल्या जुग्युलर फोरामेनमधून बाहेर पडतो, कॅरॉटिड धमनी आणि जुग्युलर नीला यांच्या सोबतीने मान उतरतो आणि छातीत शिरतो. तिथे महाधमनीच्या कमानीखालून डावी फांदी वळसा घेते आणि श्वासनलिका-अन्ननलिका यांच्यामधल्या खोबणीतून परत वर स्वरयंत्राकडे येते. उजवी फांदी छातीत एवढी खोल जात नाही. सबक्लेव्हियन धमनीखालून वळते. म्हणजे डावा आवाज बसण्याचे कारण कवटीच्या तळातल्या गाठीत असू शकते, थायरॉइडच्या मागे असू शकते, आणि फुप्फुसाच्या मुळाशी वाढलेल्या कर्करोगाच्या किंवा टीबीच्या गाठीतही असू शकते.

असा स्कॅन जबड्यापासून गळपट्टीच्या हाडापर्यंत घेऊन थांबवला, तर वाटेची दोन्ही टोके कापली गेली. रिपोर्ट ‘मानेत काही आढळले नाही’ असा खरा येईल आणि रुग्णाच्या उपयोगाचा नसेल. म्हणून या तक्रारीला कवटीच्या तळापासून महाधमनीच्या कमानीच्या खालपर्यंत स्कॅन हवा. स्वरयंत्राच्या पातळीवरही खुणा दिसतात: लुळा पडलेला स्वरतंतू मध्यरेषेकडे सरकलेला असतो, त्या बाजूची पायरिफॉर्म सायनस ही पोकळी रुंदावलेली असते आणि स्वरतंतूच्या वरची व्हेंट्रिकल नावाची फट फुगलेली असते. या खुणा दिसल्या, की वाचकांनी चित्र तिथेच न सोडता नसेच्या वाटेवर वर आणि खाली दोन्हीकडे जावे. मान आणि कवटीचा तळ एकत्र वाचण्याचा आग्रह मी का धरतो, हे या एका रुग्णावरून ध्यानात येईल.

आता वाचनाची सुरुवात कुठून करावी? माझे उत्तर विद्यार्थ्यांना आधी विचित्र वाटते: चरबीपासून. अवयव सोडून द्या, गाठ शोधू नका. मऊ ऊतींच्या विंडोमध्ये चित्र ठेवा आणि काळसर दिसणाऱ्या चरबीच्या पट्ट्या तेवढ्या वर-खाली करत पाहत जा. मानेचे कप्पे चरबी आणि पापुद्र्यांनी एकमेकांपासून वेगळे झालेले असतात. घशाच्या बाजूला पॅराफॅरिंजिअल स्पेस नावाचा चरबीचा एक कप्पा कवटीच्या तळापासून हायॉइड हाडापर्यंत उतरतो. त्याच्यात स्वतःचे असे फारसे काही नाही, म्हणूनच तो मोलाचा. शेजारी गाठ झाली, की ती या चरबीला ढकलते, आणि चरबी कोणत्या दिशेला सरकली यावरून गाठीचे मूळ घर कळते. पॅरॉटिडच्या खोल भागातली गाठ तिला पुढे आणि आत ढकलते, घशाच्या अस्तरातली बाहेरच्या बाजूला, चावण्याच्या स्नायूंच्या कप्प्यातली मागे, आणि कॅरॉटिडच्या कप्प्यातली पुढे. मूळ घर कळले की शक्यतांची यादी झटक्यात आखूड होते. दोन्ही बाजू ताडून पाहायची सवय इथेच लागते; एका बाजूची चरबी पुसट झाली असेल तर थांबावे.

चरबीचे असेच दुसरे ठिकाण कवटीच्या तळाशी आहे आणि ते पहिल्यापेक्षाही महत्त्वाचे. वरच्या जबड्याच्या सायनसच्या पाठीमागे टेरिगोपॅलाटाइन फॉसा नावाची एक फट आहे. आडव्या छेदात ती काही मिलीमीटर रुंदीची, चरबीने भरलेली दिसते. एवढ्याशा जागेतून नाकात, डोळ्याच्या खोबणीत, टाळूत, जबड्यामागच्या स्नायूंत आणि फोरामेन रोटंडम व व्हिडियन कॅनाल यांच्या वाटेने कवटीच्या आतल्या बाजूला जाता येते. किशोरवयीन मुलाच्या नाकातून वारंवार रक्त येत असेल आणि ही फट रुंदावून सायनसची मागची भिंत पुढे वाकलेली दिसली, तर अँजिओफायब्रोमाचा विचार आधी करावा आणि तुकडा काढण्याची घाई थांबवावी. ही गाठ रक्ताने भरलेली असते आणि तुकडा काढताना होणारा रक्तस्राव जिवावर बेतू शकतो.

२०२१ साली याच फटीने आपल्याला फार काही शिकवले. कोविडच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिस या बुरशीच्या आजाराची साथ आली, मे महिन्यात केंद्राने तो आजार नोंदणीयोग्य करायला राज्यांना सांगितले, आणि सर्वाधिक रुग्ण असलेल्या राज्यांत महाराष्ट्र होता. मधुमेह, स्टेरॉइड आणि गालावर बधिरपणा, असा रुग्ण यायचा. सायनसमध्ये अस्तर जरा जाड, हाड जागच्या जागी; वरवर पाहणाऱ्याला साधी सर्दी वाटावी. पण सायनसच्या भिंतीबाहेरची, गालाकडची किंवा मागच्या फटीतली चरबी धुरकट झालेली असे. ही बुरशी रक्तवाहिन्यांच्या आधाराने पसरते, त्यामुळे मधले हाड शाबूत असतानाही ती पलीकडे पोचलेली असते. हाड खाल्ले जाण्याची वाट पाहणाऱ्याला निदान उशिराच मिळणार. त्या महिन्यांत ज्या तरुण डॉक्टरांनी रात्रंदिवस हे स्कॅन वाचले, ते आज कोणताही सायनसचा सीटी उघडला की आधी चरबी पाहतात. त्यांना हे पुस्तकातून शिकवावे लागले नाही.

महाराष्ट्रात या विषयाची सर्वांत मोठी शाळा मात्र तोंडाच्या कर्करोगाची आहे. तंबाखू-चुना, मिश्री, गुटखा, विदर्भातला खर्रा. पदार्थ बदलतो, ठेवायची जागा तीच, गाल आणि हिरडी यांच्यामधली खाच. २०१२पासून राज्यात गुटख्यावर बंदी आहे. गाठी येणे थांबलेले नाही. साध्या स्थितीत गाल हिरडीला चिकटून असतो आणि सीटीवर दोघांचा एकच राखाडी पट्टा दिसतो. गाठ गालाच्या अस्तरात आहे की हिरडीत, जबड्याचे हाड तिच्या कक्षेत आहे की नाही, काही कळत नाही. यावरचा उपाय इतका साधा आहे की तो सांगताना हसू येते. तंत्रज्ञाने रुग्णाला सांगायचे: ‘ओठ घट्ट मिटा, गाल फुगवा, तसेच धरा, नाकाने श्वास घ्या.’ टेबलावर घेण्याआधी बाहेर बाकावरच दोनदा सराव करून घ्यावा. पुढच्या काही सेकंदांत गाल आणि हिरडी यांच्यामध्ये हवेची काळी रेघ येते आणि गाठ कुणाची ते उघड होते. तंबाखू-सुपारीने तोंड आखडलेल्या रुग्णाला गाल पुरता फुगवता येत नाही. तरी थोडीशी हवाही उपयोगी पडते. भरलेल्या दातांच्या धातूमुळे चित्रावर चमकदार चरे उमटतात. ते गाठीवर येत असतील तर गॅन्ट्री किंवा मान थोडी तिरकी करून तेवढ्याच भागाची दुसरी फेरी घ्यावी.

त्याच स्कॅनमध्ये शल्यविशारदाला आणखी एक उत्तर हवे असते. खालच्या जबड्याच्या उभ्या भागाच्या माथ्यावर दोन टोकांच्या मध्ये एक खाच असते. जबड्यामागच्या स्नायूंत शिरलेली गाठ या खाचेच्या पातळीखाली थांबली असेल तर ती समूळ काढण्याची आशा अनेकदा असते; तिच्यावर, कवटीच्या तळाच्या दिशेने चढली असेल तर शस्त्रक्रियेचा विचार पालटतो. समोरून घेतलेल्या छेदात हे एका नजरेत दिसते. अशा रिपोर्टात ‘गाठ मोठी आहे’ या वाक्यापेक्षा ‘खाचेच्या खाली आहे’ हे तीन शब्द जास्त कामाचे. मानेतल्या लसीकाग्रंथींच्या गाठींबाबतही तेच. वरच्या जुग्युलर गटात दीड सें.मी. आणि इतरत्र एक सें.मी. ही मापे पाठ करावीत, पण त्यांवर विसंबू नये. लहान गाठीच्या पोटात मेलेल्या ऊतीचा काळा ठिपका असेल तर तिचा संशय आधी घ्यावा. आणि आपल्याकडे तसाच ठिपका टीबीतही दिसतो, हे परदेशी ग्रंथ वाचताना विसरू नये.

कॉन्ट्रास्ट इंजेक्शनच्या बाबतीत वाचकांनी घड्याळाकडे लक्ष द्यावे. औषध शिरेत गेल्यावर पंधरा-वीस सेकंदांत धमन्या उजळतात. अँजिओग्राफीला हीच वेळ. गाठ आणि पू पाहायचा असेल तर मिनिटभर किंवा त्याहून थोडे जास्त थांबावे लागते, कारण ऊतीत औषध मुरायला वेळ लागतो. सुई शक्यतो उजव्या हातात असावी. डाव्या हातातून दिलेले घट्ट औषध छातीच्या तोंडाशी आडवे जाताना तिथल्या चित्रावर चरे पाडते. मूत्रपिंडाचे काम आणि आधीची अ‍ॅलर्जी विचारणे तर नेहमीचेच. थायरॉइडच्या कर्करोगात एक जास्तीचा प्रश्न विचारावा: पुढे रेडिओआयोडीन द्यायचे आहे का? या इंजेक्शनमधले आयोडीन ग्रंथीत भरून राहते आणि त्या उपचाराला काही आठवडे खोळंबावे लागते.

इंजेक्शन नकोच, अशी एक तक्रार कोकण-गोव्याच्या डॉक्टरांना चांगली ठाऊक आहे: घशात अडकलेला माशाचा काटा. पेडवे, तारली यांचे काटे साध्या क्ष-किरणावर बरेचदा दिसतच नाहीत. बिनइंजेक्शनच्या बारीक छेदांत ते पांढऱ्या रेघेसारखे उठून दिसतात, आणि काटा अन्ननलिकेच्या भिंतीबाहेर सरकला असेल तर तेही कळते. फसगत होते ती स्वरयंत्राच्या कूर्चांमुळे. वयानुसार त्यांत जागोजागी हाड तयार होते, उजवीकडे एक तऱ्हा तर डावीकडे दुसरी. नॉर्मल कूर्चांची ही विविधता डोळ्यांखालून गेलेली नसेल, तर प्रत्येक पांढरी रेघ काटा वाटू लागते.

कानाच्या हाडाचा विभाग पुढे स्वतंत्र दिला आहे, म्हणून इथे थोडक्यात सांगतो. हातोडी, ऐरण आणि रिकीब ही तीन हाडे एवढी लहान की रिकिबीची उंची जेमतेम तीन मि.मी. भरते. तिच्या कमानी दिसणे हे मल्टिडिटेक्टर सीटीने दिलेले सुख आहे. कोलेस्टिॲटोमाने कोणते हाड खाल्ले, चेहऱ्याची नस कुठे उघडी पडली, जुग्युलर नीला मधल्या कानात डोकावते का, हे सर्जनला शस्त्रक्रियेच्या टेबलावर जाण्याआधी कळायला हवे. मात्र कानात भरलेला राखाडी पदार्थ कोलेस्टिॲटोमा आहे की नुसता स्राव, हे सीटी खात्रीने सांगत नाही. तिथे एमआरआयचे पाय धरावेत.

एमआरआयशी स्पर्धा करण्याचा या पुस्तकाचा हेतू नाही. मज्जातंतूच्या आतून सरपटणारी गाठ, मेंदूच्या आवरणापर्यंत पोचलेली बुरशी, हाडाच्या मज्जेतला बदल, हे एमआरआयला आधी दिसते. हाडाची पातळ भिंत, कॅल्शियम, हवा, ताजा मार, अडलेला श्वास आणि पाठीवर फार वेळ पडून राहू न शकणारा रुग्ण, हे सीटीचे क्षेत्र. कवटीच्या तळाच्या अवघड आजारांत दोन्ही शेजारी लावूनच वाचावे लागते. किरणांचा हिशेबही डोळ्यांसमोर ठेवावा. मानेच्या एका सीटीला साधारण ३ मिलीसिव्हर्ट लागतात. निसर्गातून माणसाला वर्षाकाठी मिळणारी जागतिक सरासरी २.४ आहे. भीती वाटावी असा हा आकडा नाही, पण थायरॉइड आणि डोळ्याचे भिंग याच टापूत येतात आणि लहान मुलांची गाठ साध्या सोनोग्राफीत उलगडत असेल तर तिथेच थांबावे. अणुऊर्जा नियामक मंडळाचे मुख्यालय मुंबईतच अणुशक्तीनगरला आहे; त्याचे सीटीविषयीचे नियम तंत्रज्ञांनी एकदा मुळातून वाचावेत.

हे पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सलग वाचायची गरज नाही. शरीररचनेच्या संग्रहालयातून एक सुटी कवटी मिळवा. मोबाइलचा दिवा आतून धरून ती उलटी करा. नाकाच्या छताच्या पातळ पट्टीतून उजेड झिरपताना दिसेल, आणि डोक्याला मार लागल्यावर मेंदूभोवतीचे पाणी नाकातून का गळते हे वेगळे सांगावे लागणार नाही. फोरामेन ओव्हालेमध्ये काडी घालून ती खाली कुठे निघते पाहा. मग संगणकावर एखाद्या निरोगी माणसाचा बारीक छेदांचा स्कॅन उघडा, हाडाची विंडो लावा आणि तेच छिद्र तिन्ही दिशांनी शोधा. असे दहा-बारा नॉर्मल स्कॅन पाहून झाले, की दुसऱ्या प्रकरणातले कप्पे आणि चौथ्यातले मज्जातंतूंचे मार्ग वाचायला घ्या. पहिले प्रकरण यंत्राचे आहे, ते कन्सोलवर काम करणाऱ्यांनी आधी आणि इतरांनी सवडीने वाचले तरी चालेल. आणि जे वाचक स्कॅन सांगणाऱ्या बाजूचे आहेत, रिपोर्ट लिहिणाऱ्या बाजूचे नाहीत, त्यांना एक विनंती. फॉर्मवर ‘सीटी नेक’च्या पुढे आणखी एक ओळ लिहावी: त्रास कोणत्या बाजूला, किती दिवसांचा, दुर्बिणीत काय दिसले, तंबाखूची सवय आहे का. स्कॅन कुठून कुठपर्यंत घ्यायचा आणि गाल फुगवायला सांगायचे की नाही, हे तंत्रज्ञ त्या ओळीवरून ठरवतो.